कोकणातल्या भूगोल शिक्षकांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्यातले काही भूगोल शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात आणि वर्गात करून पाहिलेलं एकमेकांना दाखवतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे शिक्षक आम्हाला याबद्दल विचारत असतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्यांसाठी आहेत, पुढचे अडचणीचे.

१. मी मराठीची शिक्षिका. यंदा आठवी-नववीचा भूगोल माझ्याकडे आला आहे. सुरुवात कुठून करू?

शाळेच्या फाटकापासून. पहिल्याच रविवारी वही घेऊन शाळेभोवती एक किलोमीटर चाला. चढ कुठे लागतो, पऱ्या (ओढा) कुठून येतो, विहिरीचं पाणी किती खाली आहे, चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) आहे का, घरं रस्त्याला लागून आहेत की आगरात (माड-पोफळीच्या बागेत), हे लिहून काढा. घरी येऊन हाताने कच्चा नकाशा काढा. तो वाकडातिकडा आला तरी ठेवून द्या, वर्षभर त्यात भर घालायची आहे.

आमच्या बैठकीतल्या निम्म्या जणांनी पदवीला भूगोल घेतलेला नव्हता, त्यामुळे संकोच करू नका. उलट तुमच्याकडे भाषा आहे. पुळण, खाजण, जुवे, सडा, वहाळ, खलाटी, वलाटी हे शब्द कोकणातल्या मुलांच्या घरात बोलले जातात आणि प्रत्येक शब्द म्हणजे एक भूरूप किंवा प्रदेश आहे. पुस्तकातली संज्ञा सांगण्याआधी घरातला शब्द विचारा. खाडीतल्या बेटाला जुवे म्हणतात हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला नदीच्या संचयनकार्याचं अर्धं उत्तर आधीच आलेलं असतं.

२. दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद होतेच. मग वेगळी बैठक कशाला?

शिक्षण परिषदेत सगळे विषय आणि सगळ्या इयत्ता असतात, शिवाय परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते असतात. भूगोलाच्या वाट्याला दहा मिनिटं आली तरी पुष्कळ. केंद्रप्रमुखांचा त्यात दोष नाही, त्या सभेचं कामच वेगळं आहे.

आमची बैठक दोन तासांची असते. प्रत्येक जण तीन गोष्टी आणतो: वर्गात करून पाहिलेली एक कृती, तिच्यात फसलेली एक गोष्ट, आणि एका मुलाच्या हातचं काम, मग तो नकाशा असो, आकृती असो वा उत्तर. फसलेलं आणणं सक्तीचं आहे. या एका नियमामुळे बैठक टिकली असं मला मनापासून वाटतं. पहिल्या काही महिन्यांत सगळे फक्त यशस्वी उपक्रम सांगत होते. ऐकणारा मान डोलवायचा, घरी जायचा आणि काहीच करायचा नाही. फसलेलं सांगायला लागल्यावर लोक वही काढून लिहू लागले.

३. आमच्या शाळा खाडीच्या दोन बाजूंना आहेत. भेटायचं कुठे आणि कधी?

कोकणात ही खरी अडचण आहे. नकाशात दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, पण रस्त्याने जायचं तर चिपळूणकडून मोठा वळसा पडतो. म्हणून जागा ठरवताना फेरीबोट पाहा: दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी. जेटीजवळच्या शाळेत बैठक ठेवली की दोन तालुके सहज जोडले जातात. त्या बोटीतून जाताना दिसणारी खाडी हाही बैठकीचाच भाग समजा.

वेळेबाबत आमचा अनुभव असा. जून-जुलैत रस्ते आणि पाऊस बेभरवशाचे असतात, तेव्हा शाळेजवळच्या चार-पाच जणांनीच भेटावं. गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडून द्या. शिमग्यात आणि आंब्याच्या दिवसांत कुणी येत नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे चार महिने सोन्यासारखे असतात, मोठी कामं तेव्हाच धरा. महाराष्ट्रात भूगोलतज्ज्ञ प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिनी, म्हणजे १४ जानेवारीला भूगोल दिन साजरा होतो. वर्षभराचं काम मुलांकरवी मांडायला तो दिवस उत्तम आहे.

४. माझ्याकडे सांगण्यासारखं विशेष काही नसतं. कल्पना आणायची म्हणजे नेमकं काय?

अर्धा कागद आणा. त्यावर एवढंच असावं: इयत्ता, मुलांची संख्या, लागलेलं साहित्य, लागलेल्या तासिका, मुलांनी काय केलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलणार.

एक नमुना देतो. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) समजावण्यासाठी मी गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, उरलेली माती आणली. मुलांनी परातीएवढ्या फळीवर दोन शिखरांचा डोंगर केला, मध्ये खिंड ठेवली आणि तो टबात उभा केला. त्यात दोन-दोन सेंटीमीटर पाणी वाढवत जायचं आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेने काडीने रेघ कोरायची. शेवटी पाणी काढून वरून पाहिलं की रेषा नकाशासारख्या दिसतात. चढ उभा असतो तिथे त्या जवळजवळ येतात आणि उतार सौम्य असतो तिथे लांब जातात. दोन शिखरं वेगवेगळी वर्तुळं होतात. हे पाहून सातवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे समोच्च रेषा म्हणजे डोंगराला लागलेली भरतीची खूण." ही व्याख्या मी त्यानंतर दर वर्षी वापरतो.

बिघडलं काय? माती कोरडी होती आणि पाणी वरून धबधब्यासारखं ओतलं गेलं, त्यामुळे पहिल्या तुकडीत एक बाजू ढासळली. माती चांगली मळून ओलसर ठेवावी, पाणी कडेने नळीने सोडावं आणि सगळं वीस मिनिटांत उरकावं. दुसऱ्या तुकडीत जमलं. एवढं लिहिलं की झाला तुमचा अर्धा कागद.

५. भरती-ओहोटी आमच्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त कळते. मी घाटावरून बदलून आलो आहे. त्यांना काय शिकवू?

त्यांच्याकडून शिका, आणि ते वर्गात उघडपणे शिका. मासेमारी करणाऱ्या घरांत एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, पक्षाची तिथी धरायची. पहाटेची एक भरती आणि दुपारची एक, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. अमावास्या-पौर्णिमेला उधाण (सर्वांत मोठी भरती), सप्तमी-अष्टमीला भांग (सर्वांत लहान भरती).

आता तुमचं काम सुरू होतं. पाऊणपटच का, असं वर्गाला विचारा. रोज एक तिथी पुढे जाते म्हणजे भरती पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं पुढे जाते. पुस्तकात हाच उशीर सुमारे ५० मिनिटांचा दिलेला असतो. पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईपर्यंत चंद्रही पुढे सरकलेला असतो आणि तेवढं अंतर गाठायला वेळ लागतो. घरचा हिशेब आणि पुस्तकातली आकृती एकाच चंद्राबद्दल बोलतात, हे फळ्यावर दिसलं की वर्गात जी शांतता होते ती अनुभवण्यासारखी असते.

त्यानंतर हिशेब तपासायला लावा. जेटीच्या खांबावर रंगाने दर दहा सेंटीमीटरला खुणा करा. पूर्ण भरतीच्या अंदाजे वेळेआधी एक तास आणि नंतर एक तास दर दहा मिनिटांनी पाणी नोंदवा. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीतच करायचं (प्रश्न ७ पाहा). हिशेब काही वेळा अर्धा-पाऊण तास चुकतो. पौर्णिमेला तो सव्वा अकरा सांगतो आणि प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपासही येते. शिवाय खाडीच्या मुखाशी भरती आधी येते आणि आत उशिरा पोचते. म्हणजे दाभोळ आणि चिपळूणजवळचं गोवळकोट इथल्या शाळांनी एकाच दिवशी नोंदी घेतल्या, तर वाशिष्ठीतून भरती किती वेळाने वर चढते हे मुलांना स्वतः सांगता येईल. हे एका शाळेचं काम नाही. यासाठीच दोन शिक्षकांची ओळख हवी.

६. सावलीवरून पृथ्वीचा परिघ काढायचा प्रयोग शेजारच्या शाळेबरोबर केला, उत्तर भलतंच आलं. का?

शेजारची शाळा फार जवळ होती म्हणून. या प्रयोगाला दोन ठिकाणं उत्तर-दक्षिण दिशेत दूर लागतात. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण पसरलेला आहे, त्यामुळे देशात या प्रयोगाला याहून सोयीच्या जागा कमीच असतील.

डहाणू साधारण २० अंश उत्तरेवर आहे आणि वेंगुर्ला १५.९ अंशांवर. फरक ४.१ अंश, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४५५ किलोमीटर. २२ डिसेंबरच्या आसपास दोन्हीकडे एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंबा लावून उभी करा. सव्वा बारा ते एकपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खुणावत जा. सर्वांत आखूड सावली हीच स्थानिक मध्यान्हाची सावली. ती बाराला मिळणार नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून मध्यान्ह साडेबारा उलटून गेल्यावर येतो. डहाणूला सावली ९४-९५ सेंटीमीटर भरेल, वेंगुर्ल्याला ८२ च्या जवळपास. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजा, त्रिकोणमिती लागत नाही. मग ३६० भागिले कोनांतला फरक, गुणिले ४५५. उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ यायला हवं.

एक सेंटीमीटर चुकलात तर कोन सुमारे ०.३ अंशाने चुकतो आणि परिघ जवळजवळ तीन हजार किलोमीटरने हलतो. दापोली आणि गुहागर यांच्या अक्षांशांतला फरकच ०.३ अंश आहे. तिथे एका सेंटीमीटरच्या चुकीत सगळं उत्तर वाहून जातं. तुमचं तेच झालं.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, घ्यावा का, असंही विचारतात. मालवणात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, रत्नागिरीत ८ मेच्या आसपास, डहाणूला २० मेच्या आसपास. तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसऱ्यांदा तो जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मुलांना घरच्या अंगणात बादली उपडी ठेवून पाहायला सांगा, पण शाळांचा एकत्र प्रयोग डिसेंबरातच करा.

७. क्षेत्रभेट न्यायची आहे. मुख्याध्यापक समुद्र म्हटलं की नकार देतात. काय करावं?

त्यांची भीती खरी आहे, ती आधी मान्य करा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर कुठल्याही मुख्याध्यापकांना सही करताना हात जड वाटणारच.

दहावीच्या पुस्तकातली क्षेत्रभेट नळदुर्गहून अलिबागला येते. तिथल्या मुलांना जे पाहायला शेकडो किलोमीटर यावं लागतं ते आपल्या दाराशी आहे. म्हणून बस, मुक्काम, मोठा खर्च असलं काही मागू नका. दोन जोडतासिकांत पायी जाऊन परत येता येईल अशी जागा निवडा आणि लेखी आराखडा द्या: जाण्या-येण्याची वेळ, ओहोटीची वेळ, सोबतचे मोठे, प्रथमोपचार, पालकांची संमती, मुलांनी भरायची प्रश्नावली. असा कागद समोर आला की नकार बहुतेकदा मावळतो.

आमचे नियम ताठर आहेत आणि ते मी कुणासाठी सैल करत नाही. पाण्यात पाय घालायचा नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. ओहोटी लागल्यावर जायचं आणि पाणी फिरायच्या आत परतायचं. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. जून ते सप्टेंबर खडकाळ किनाऱ्यावर भेट नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर लाटांनी झिजवलेला मंच, खडकातली जाळी, कपारी सगळं एका ठिकाणी पाहायला मिळतं, पण भरतीला तीच वाट जीवघेणी होते. तिथे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. गावातला एक तरी मच्छीमार बरोबर असावा, मानधन देऊन.

८. आमच्या गावाला समुद्र नाही, नुसता सडा (जांभ्या कातळाचा उघडा माथा) आहे. तिथे काय दाखवणार?

सड्याएवढी समृद्ध प्रयोगशाळा नाही, आणि तो ओसाड म्हणून दुर्लक्षिला जातो याचं मला वाईट वाटतं.

पहिला प्रश्न मुलांना असा द्या: आपल्याकडे दर वर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग मार्चनंतर वाडीवर पाण्याची ओरड का होते? उत्तर पायाखाली आहे. उष्ण हवा आणि आलटून पालटून येणारे ओले-कोरडे ऋतू यांमुळे खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात आणि जांभा तयार होतो. तो सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांच्या रूपात बाहेर येतं. म्हणून वाड्या आणि आगरं पायथ्याशी असतात आणि माथा मोकळा. चिरेखाणीत ताजा चिरा हत्याराने सहज कापला जातो आणि हवा लागली की कठीण होतो, हे कामगार स्वतः दाखवतात. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगाडीपुरम इथे हाच खडक पाहून १८०७ मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट नाव दिलं. चिरा म्हणजे जमिनीतून निघालेली वीटच, हे कोकणातल्या मुलाला वेगळं सांगायला लागत नाही.

कातळशिल्पं जवळ असतील तर जरूर न्या. कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरूण, सिंधुदुर्गातलं कुडोपी ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत २०२२ पासून आहेत. देवाचे गोठणे इथे शिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. नववीच्या मुलांना वेगवेगळ्या जागी होकायंत्र ठेवून दिशेचा तक्ता करायला लावला तर चुंबकत्व कायमचं लक्षात राहतं. बूट घालून शिल्पावर चढायचं नाही, रेषा खडूने उजळायच्या नाहीत.

दक्षिण सिंधुदुर्गातल्या शिक्षकांनी एक लक्षात ठेवावं. कोकण म्हणजे सगळा बेसाल्ट आणि जांभा, हे वाक्य तुमच्याकडे चालत नाही. तिथे बेसाल्टहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले आहेत. वर्गात सरसकट विधान करण्याआधी हातात दगड घेऊन पाहा.

९. मुलांनी बाटलीचा पर्जन्यमापक केला. आमचा आकडा हवामान खात्याशी कधीच जुळत नाही. फेकून द्यावा का?

मुळीच नाही. आधी चार गोष्टी तपासा. बाटली वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची आहे का? खाली निमुळती किंवा खळग्यांची असेल तर मोजपट्टी खोटं बोलते. तळाशी पाणी घालून शून्याची खूण केली आहे का? माड किंवा कौलाची पागोळी वर नाही ना? आणि नोंद सकाळी साडेआठला घेता का? हवामान खात्याचा दिवस साडेआठला संपतो, आपण शाळा भरल्यावर अकराला मोजलं तर दोन वेगळ्या दिवसांची तुलना होते. रविवारी मोजायला जवळ राहणारं मूल नेमा.

एवढं करूनही आकडे वेगळे येतील, कारण पाऊसच वेगळा पडतो. किनाऱ्यावरची शाळा आणि सह्याद्रीच्या पायथ्याची शाळा यांच्या महिन्याच्या बेरजा शेजारी ठेवा. प्रतिरोध (डोंगराला अडून पडणारा) पाऊस शिकवायला याहून चांगला तक्ता मिळणार नाही. बातम्यांतले शब्दही मुलांना आकड्यांत कळू द्या: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर मोजा आणि शंभर मिलिमीटरच्या दिवशी त्यावरून किती लिटर वाहून गेलं ते काढा. शंभर चौरस मीटरला दहा हजार लिटर येतात. या एका गणितानंतर आमच्या शेजारच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीने छपरावरचं पाणी साठवायचं ठरवलं.

१०. पूर आणि दरडी शिकवायच्या आहेत, पण वर्गातल्या मुलांचीच घरं गेली आहेत. कसं शिकवू?

हा प्रश्न महाड, चिपळूण, खालापूर या बाजूंनी येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना मी थांबतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा गावांतल्या वर्गासमोर ती छायाचित्रं लावू नयेत. आठवण सांगायला कुणाला उभं करू नये. ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगेल, तेव्हा पुस्तक मिटून ऐकावं.

शिकवताना वस्तूंपासून सुरुवात करा. बाजारपेठेतल्या भिंतींवर २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा राहिल्या असतील तर त्यांची रस्त्यापासूनची उंची मोजून नकाशावर मांडा. मग कारणं जोडा: सह्याद्रीच्या उभ्या उतारावरून येणारी आखूड नदी, घाटमाथ्यावर काही तासांत पडलेला प्रचंड पाऊस, गाळाने उथळ झालेलं पात्र, आणि समुद्राची भरती. २०२१ चा पूर आला तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. अशा वेळी पुराचं पाणी नदीच्या मुखाशी अडतं. ज्यांनी प्रश्न ५ मधला भरतीचा उपक्रम केला आहे त्यांना हे लगेच कळतं.

आणि धडा कृतीवर संपवा: आपल्या वाडीतून उंच जागेकडे जाणारी वाट, रात्री अंधारात चालता येईल अशी, नकाशावर कोणती? जमिनीला नव्याने भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं-खांब कलले तर कुणाला सांगायचं? घाबरलेल्या मुलाला याने हातात धरायला काहीतरी मिळतं.

११. टोपोशीट (स्थलनिर्देशक नकाशा) कुठे मिळते? जुनी वापरली तर चालते का?

भारतीय सर्वेक्षण विभागाकडून मिळते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुल्या मालिकेचे नकाशे वेगळे केले आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे वापरणं आणखी सोपं झालं. जुन्या क्रमांकपद्धतीत आपला बहुतेक किनारा ४७ क्रमांकात येतो, १६ अंशांच्या खालचा सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा भाग ४८ मध्ये. जुनं पत्रक मिळालं तर ते जपून ठेवा आणि आजच्या उपग्रह चित्राशेजारी मांडा. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर ते पाहता येतं. मालवणजवळच्या देवबागची वाळूची जीभ, खारभूमीचे बांध, कांदळवन, महामार्ग यांत काय बदललं हे मुलं बोट ठेवून सांगतात. भारताची बाह्य सीमा दाखवणारा नकाशा मात्र सर्वेक्षण विभागाचाच वापरा, इंटरनेटवरून उचललेला वर्गात लावू नका.

१२. या बैठका ५० तासांच्या प्रशिक्षणात धरल्या जातात का? वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी उपयोग होतो का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. तुमची बैठक त्यात धरायची असेल तर आधीच गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला लेखी विचारा आणि हजेरी, विषय, वेळ यांची नोंदवही ठेवा. बारा वर्षांच्या वरिष्ठ आणि चोवीस वर्षांच्या निवड श्रेणीचं प्रशिक्षण ही वेगळी बाब आहे, त्याला ही बैठक पर्याय नाही.

१३. "पोर्शन पूर्ण करा, उपक्रम नंतर" असं ऐकवतात. दहावीला हे परवडतं का?

दहावीला भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची असते. त्यात नकाशा, आलेख आणि भौगोलिक कारणं हमखास येतात. प्रश्न ९ मधला पावसाचा तक्ता हाच आलेखाचा सराव आहे आणि प्रश्न ८ मधलं पाण्याचं कोडं हे कारणं लिहिण्याचा. ज्या तासिकेत उपक्रम घ्याल त्याच तासिकेच्या शेवटी त्यावरचा परीक्षेतल्यासारखा एक प्रश्न सोडवून घ्या. मुलांच्या वह्या मुख्याध्यापकांना दाखवा, तोंडी वाद घालू नका.

१४. मी द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत आहे. भूगोल वेगळा नाही, परिसर अभ्यास आहे. मी येऊ का?

जरूर या. चौथी-पाचवीच्या मुलांनी काढलेले वाडीचे नकाशे आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ पाहिले जातात. शाळा बंद ठेवून यावं लागेल अशा वारी बैठक असेल तर आधी कळवा, आम्ही शनिवारी दुपारी ठेवू.

१५. दुसऱ्याचा उपक्रम माझ्या वर्गात वापरला तर नाव द्यावं का? मुलांचे फोटो पाठवले तर?

नाव द्या, आणि तुम्ही काय बदललं ते मूळ शिक्षकाला कळवा. त्याला यापेक्षा मोठी पावती नसते. मुलांचे चेहरे पाठवू नका, त्यांच्या हातांचे आणि वह्यांचे फोटो पुरेसे असतात. प्रश्न १० मधल्या विषयावरचं काहीही बैठकीबाहेर पाठवायचं नाही.

१६. शिक्षक नसलेल्या माणसांना बैठकीला बोलवावं का?

वर्षातून दोन वेळा तरी बोलवा. आमच्याकडे एक तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) आले होते. किनाऱ्यावरची कुठली खूण कुठल्या डोंगराच्या रेषेत आली की जाळं कुठे टाकायचं, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. दोन दिशा घेऊन स्थान ठरवण्याची पद्धत आम्ही इतकी वर्षं पुस्तकातून शिकवत होतो, ती त्यांच्या आजोबांपासून बोटीवर चालत होती. हापूसचे बागायतदार आले तेव्हा थंडी लांबली की मोहर आणि आंब्याची पेटी किती पुढे सरकते याच्या त्यांच्या घरच्या वह्या घेऊन आले.

त्यांना भाषण करायला सांगू नका. वीस मिनिटं बोलू द्या, मग प्रश्न विचारा. बैठक त्यांच्या वेळेने ठेवा: तांडेल उधाणात मोकळे नसतात, बागायतदार मार्च ते मे. येण्या-जाण्याचा खर्च वर्गणीतून द्या, आणि त्यांनी सांगितलेलं अर्ध्या कागदावर लिहून (प्रश्न ४) त्यांच्या घरी एक प्रत पोचवा.